काशीमामांचा फुकटचा चौक

सन १९५७, पाडव्याच्या आधीचा शुक्रवार, म्हणजे आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. स्थळ चावडी. रक्कम रुपये तीनशे साठ, वर्षाची. हजर: सरपंच अण्णा, चार पंच, तलाठी, पुण्याहून आलेले एक तंबूवाले गृहस्थ आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी. काशीमामा कासार हजर होते असं म्हणता येणार नाही. ते उंबऱ्याबाहेर उभे होते आणि बोलावल्याशिवाय आत येणाऱ्यांतले नव्हते.

तंबूवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. शुक्रवारी बाजार उठला की चावडीपुढचा चौक त्यांना द्यायचा. ते तंबू ठोकतील, तिकीट लावतील, कधी सिनेमा दाखवतील, कधी नाचगाणं ठेवतील. त्याबद्दल पंचायतीला वर्षाला तीनशे साठ रुपये मिळतील. अण्णांनी क्षणभर आढ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शाळंची कौलं झाली की ओ!" शाळा त्या वर्षी खरोखरच गळत होती. मीही मान हलवली.

उंबऱ्याबाहेरून आवाज आला, "चौक तंबूत घातल्यावर गावानं बसायचं कुटं?"

"आता कुटं बसतंय गाव?" अण्णा म्हणाले. "बाजार उठला की कुत्री बसत्यात तितं."

सगळे हसले. काशीमामाही हसले, कारण ते खरंच होतं. पाचाच्या सुमारास पालं उतरायची, गाड्या जुंपल्या जायच्या आणि दिवेलागणीला चौकात भाजीचा पाला आणि धूळ एवढंच उरायचं.

"कुत्र्यांना बसाया बरी वाटतीया, म्हंजे जागा चांगली हाय," काशीमामा म्हणाले. "एक वरीस द्या अण्णा. फुडल्या पाडव्याला मानूस दिसलं न्हाई, तर ठोका तंबू. मेख मी सोता धरतो."

"आन खर्च?"

"पंचायतीचा एक पैसा नको. येनाऱ्याचाबी नको. समदं फुकट."

'फुकट' म्हटल्यावर तंबूवाल्यांनी पहिल्यांदा मान वळवून या माणसाकडे नीट बघितलं. अण्णा भोळे नव्हते, पण त्यांना पैज आवडायची. ते माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, तुमी हिशेबी मानूस. दर शुक्कारी चौकात किती मानसं येत्यात ते बघायचं, आन पाडव्याला सांगायचं."

असा मी त्या चौकाला जोडला गेलो. माझा संबंध मोजण्यापुरता. बाकीचं सगळं काशीमामांचं.

काशीमामा तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. अंगानं किडकिडीत, डोक्याला मळखाऊ मुंडासं, आणि बोटं मात्र बाईमाणसासारखी लांब आणि मऊ. कासार हा आमच्याकडे बायकांच्या लेखी माहेरचा माणूस. परका पुरुष म्हणून ज्याच्यापुढे पदर सावरायचा, त्यांतला तो नव्हे. बाई त्याच्या हातात हात देऊन बसते, सासूचं गाऱ्हाणं सांगते, आणि बांगड्या भरून झाल्या की त्याला नमस्कार करून उठते. म्हणून सगळ्या गावाचे ते मामा. अण्णांची मोठी बहीणसुद्धा त्यांना मामाच म्हणायची, वयानं ती वडील असूनही.

त्यांना घाई कधी नसायची. बांगडी मनगटावर चढत नसली तरी ते जोर करायचे नाहीत. हात दाबत, बोटं जुळवत, भलतंच काहीतरी बोलत राहायचे, आणि बोलता बोलता बांगडी आत गेलेली असायची. "जोरानं घातली का काचबी फुटतीया आन हातबी," असं ते म्हणायचे. गावाशीही ते असंच वागले, हे माझ्या पुढे लक्षात आलं.

त्यांचं मूळ गाव वर, मुळशीच्या खोऱ्यात. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते बुडालं. काशीमामा त्या वेळी ऐन तरुण होते. याविषयी ते बोलत नसत. मी एकदा, हिशेबाच्या सवयीनं, भरपाई किती मिळाली म्हणून विचारलं. ते म्हणाले, "घराची मिळाली, झाडाची मिळाली. आंब्याचं झाड किती फुटाचं हुतं तेबी लिवून घेतलं सायबानं. पर देवळाफुडं आमी समदी सांजंला बसायचो, ती बसायची जागा कुनी लिवलीच न्हाई." मी आयुष्यभर रकाने आखले आहेत. तो रकाना कसा आखावा हे मला आजही सुचलेलं नाही.

सुरुवात त्यांनी दगडापासून केली. रस्त्याच्या कामावर आलेल्या एका पाथरवटाला गाठून त्यांनी चौकातल्या पिंपळाच्या पारावर दोन पट कोरून घेतले, एक नवकंकरीचा आणि एक वाघबकरीचा. मोबदला म्हणून त्याच्या बायकोला आणि दोन मुलींना हात भरून बांगड्या. सोंगट्या म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे. टोकं दगडावर घासून बोथट केलेली, तांबडे वाघ आणि हिरव्या बकऱ्या.

पहिल्या शुक्रवारी मी मोजणी केली. माणसं तीन: काशीमामा, मी, आणि एस.टी. चुकलेला एक पाहुणा. काशीमामा पारावर बसून स्वतःशीच खेळत होते. आधी या बाजूनं चाल करायची, मग उठून पलीकडे जाऊन बसायचं. दुसऱ्या शुक्रवारी पानाच्या दुकानावरून कुणीतरी ओरडलं, "मामा, कोन जिंकतंय?"

"मीच हरतुया," काशीमामा म्हणाले. "ये की सोडवायला."

तो आला. मग त्याला चुकीची चाल सांगायला आणखी चौघे आले. आमच्या गावात खेळणाऱ्यापेक्षा शिकवणारे नेहमीच जास्त.

पण चौक खरा भरला तो बिरूमुळे. बिरू धनगर त्या उन्हाळ्यात मेंढरं बसवायला आमच्या शिवारात आला होता. ज्यांच्या रानात त्याच्या मेंढरांचा वाडा होता ते बापूसाहेब म्हणजे गावातले दुसरे मोठे बागाईतदार, आणि अण्णांचे जुने वैरी. दोघंही एकमेकांच्या घरच्या लग्नाला जायचे ते जेवण मोजायला. त्या दिवशी बापूसाहेब सहज पारापाशी थांबले आणि खाली उकिडवं बसलेल्या बिरूला म्हणाले, "काय रं, येतो का खेळ?"

"वाघ तुमी घ्या मालक," बिरू म्हणाला. "बकऱ्यांची मला सवं हाय."

बापूसाहेबांनी पहिल्या झटक्याला दोन बकऱ्या मारल्या आणि मिशीवरून हात फिरवला. बिरू एकेक हिरवा तुकडा सरकवत राहिला. थोड्या वेळानं बापूसाहेबांच्या लक्षात आलं की त्यांच्या एकाही वाघाला हलायला जागा नाही.

"पुन्यांदा मांड!"

"मांडतो की. पर मालक, बकरं मारायच्या नादानं वाघ एकला पडतुया. रानातबी असंच हुतं."

तीन डाव झाले, तिन्ही बकऱ्यांनी जिंकले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बापूसाहेब, आता मेंढरंच घ्या राखायला!" बापूसाहेब रागावतील असं वाटलं होतं, पण तेही हसले आणि बिरूला पान खिलवून गेले. मात्र पुढच्या शुक्रवारी ते दिवस मावळायच्या आतच हजर. मालक आणि त्याच्या रानात बसलेला धनगर एका दगडाशी गुडघ्याला गुडघा लावून बसलेत, हे बघायला शेजारच्या कासार आंबोली गावची माणसंसुद्धा गाडी सोडून थांबू लागली.

बायकांचं आणखी वेगळं. बाजाराच्या दिवशी बाईनं चौकात यायचं ते मीठमिरची घ्यायला. उभं राहायला नव्हे. एका शुक्रवारी माझी बायको हात भरून घरी आली आणि म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मी चौकात रांगोळी काढणार आहे."

"चौकात? लोकांपुढे?"

"काशीमामांनी विचारलं. म्हणाले, दारातली रांगोळी तू बघतीस आणि तुझी सासू बघते. चौकात काढ, गाव बघेल."

"मग नाही म्हणायचं."

"कसं म्हणणार? बांगडी अर्ध्यावर होती. हात त्यांच्या हातात."

नंतर कळलं की गावातल्या निम्म्या घरांत हेच संभाषण झालं होतं. बांगडी अर्ध्यावर असताना त्यांनी प्रत्येकीला विचारलं होतं. पहिल्या खेपेला अकराजणी आल्या. काशीमामांनी पाणी मारून, शेण टाकून जमीन सारवून ठेवली होती. रांगोळ्या पुऱ्या होत आल्या तोच भाताच्या पेंढ्याची एक गाडी चौकात शिरली. गाडीवान खाली उतरला, बैलांच्या शिंगांना धरून त्यानं गाडी पार गटाराच्या कडेकडेनं काढली आणि मगच पुन्हा वर बसला. रांगोळीवरून चाक न्यायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

पावसाळ्यात सगळं चावडीच्या पडवीत चालायचं. दसऱ्यानंतर गाणं सुरू झालं. वाटेनं जाणारा गोंधळी, भूगावचं भजन, धनगरांचा ढोल, पेटी वाजवणारे आमचे एक मास्तर. काशीमामा कुणालाही सोडत नसत. नियम एकच. चौकात पैसा दिसता कामा नये आणि देणाऱ्याचं नाव पुकारायचं नाही. आमच्याकडे रीत अशी की कलाकाराला कुणी रुपया दिला की त्यानं गाणं थांबवून, देणाऱ्याचं नाव आणि आकडा मोठ्यानं सांगून त्याचं कल्याण चिंतायचं. काशीमामांना ते नको होतं. त्यांनी घरं वाटून दिली होती. ज्या घराची पाळी, त्यानं कलाकाराला जेवू घालायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरला असेल तिथं पायलीभर आंबेमोहोर पोचवायचा. "ऐकनाऱ्याला फुकट," ते म्हणायचे. "गानाऱ्याला न्हाई. त्यालाबी पोट हाय."

त्यांचं स्वतःचं नुकसान मात्र होत होतं. बांगड्यांचा खरा धंदा संध्याकाळचा, आणि संध्याकाळी त्यांची पेटी बंद. मी ते एकदा आकड्यांत मांडून दाखवलं. ते म्हणाले, "सेक्रेटरी, तुमची बेरीज बरूबर हाय. आता जरा सरकून बसा, मागच्याला दिसंना."

माघ महिन्यात अण्णांना नातू झाला आणि सगळं बिघडलं. त्या शुक्रवारी एक शाहीर आला होता. अण्णा खुशीत उठले आणि त्यांनी त्याच्या हातावर अकरा रुपये ठेवले. काशीमामांनी शाहिराला बजावलं होतं, पण तोंडाची सवय. त्यानं डफावर थाप मारली आणि आरोळी दिली, "सरपंच अण्णासाहेबांकडून अकरा रुपये! त्यांच्या नातवाला उदंड आयुष्य!"

टाळ्या पडल्या. बापूसाहेबांनी पंधरा दिले. पुन्हा आरोळी. अण्णांनी एकवीस. बापूसाहेबांनी पंचवीस. शाहिराचं गाणं राहिलं बाजूला. तो नुसती नावंच घेत सुटला. मी मोजायला म्हणून मागे वळून बघितलं, तर कडेची माणसं उठून चालली होती. त्यात दसऱ्यानंतर पुन्हा वाडा घेऊन आलेला बिरूही होता. ऐपत नसलेल्यानं अशा ठिकाणी थांबायचं नसतं, एवढं सगळ्यांना कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीमामा अण्णांच्या घरी सुनेला बांगड्या भरायला गेले. मी सोसायटीच्या कागदांवर सह्या घ्यायला तिथंच होतो. काशीमामांनी सुनेचा हात धरला आणि मान वर न करता बोलले, "अण्णा, द्यायचं ते द्या. पर हाक नको."

"म्हंजे मी दिल्यालं गावानं ऐकूबी नये? मी काय चोरी केली?"

"तुमी दिलं ते गावानं ऐकलं. पर बिरूनं काय ऐकलं? माज्याकडं द्यायला न्हाई, एवढंच ऐकलं. आन उठून गेला."

"जाऊ द्या की गेला तर!"

"मग त्यो तंबूच झाला की, अण्णा. फकस्त वर कापड न्हाई."

अण्णांचा चेहरा तांबडा झाला. "कासारा, तू बांगड्या भर. चौकाचं आमी बघू."

काशीमामांनी बांगड्या भरल्या, शेवटच्या बांगडीला हात लावून कपाळाला लावला आणि उठले.

पुढच्या शुक्रवारी गोंधळी होता. अण्णांनी पैसे दिले. गोंधळ्यानं ते कपाळाला लावले, खिशात टाकले आणि गात राहिला. अण्णा नाव येईल म्हणून थांबले. नाव आलं नाही. सगळ्या चौकादेखत ते उठले आणि चालू लागले. त्यांच्यामागे त्यांची भावकी उठली. आता कुरघोडी कुणावर करायची, म्हणून बापूसाहेबही आले नाहीत, आणि त्यांची माणसंही. त्यानंतरचे शुक्रवार पडेलच होते. माझी मोजणी चारशेवरून नव्वदवर आली. काशीमामा पूर्वीसारखे पारावर बसून दोन्ही बाजूंनी खेळताना मी पुन्हा बघितले. पैज हरण्यात जमा होती.

पाडवा उजाडला. सभा सकाळी लवकर ठेवली होती. तंबूवाले आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. त्यांचे बांबू भरलेली गाडी मागून यायची होती. काशीमामा आपल्या जागी, उंबऱ्याबाहेर. मी आधी माणसांची मोजणी वाचली, शेवटच्या नव्वदासकट, आणि मग हिशेब. लोक थांबू लागल्यामुळे पालंही दिवेलागणीपर्यंत राहू लागली होती, नवे दुकानदार येत होते. बाजारपट्टी दोनशे दहा रुपयांनी वाढली होती. तीनशे साठाला दीडशे कमी पडत होते, तेही मी वाचलं. खोटं वाचणं मला जमलं नसतं. तंबूवाल्यांनी पिशवीतून नोटा काढल्या आणि अण्णांपुढे ठेवल्या.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. आम्ही पायरीवर आलो आणि तिथंच थांबलो. पायरीपासून एस.टी.च्या रस्त्यापर्यंत सगळा चौक रांगोळीनं भरला होता. पाऊल टाकायला जागा नव्हती. आम्ही आत आकडे वाचत होतो तेवढ्या वेळात गावच्या बायकांनी हे केलं होतं. त्या कडेकडेला उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत पांढरे. त्यांत माझी बायको होती. आणि अगदी पायरीच्या तळाशी, वाकून हळदीचा रंग भरत होत्या खुद्द अण्णांच्या मंडळी.

"अगं, हे काय? आमी उतरायचं कुटनं?"

"थांबा की जरा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "अजून भरायचं ऱ्हायलंय."

पलीकडे बांबूंची गाडी उभी होती. तंबूवाले पायरीवरून ओरडले, "अरे, घे की गाडी आत!"

"आज पाडवा हाय सायेब," गाडीवान म्हणाला. "रांगोळीवरनं चाक घालू? मला लेकरंबाळं हायेत."

"मग पुसून घे!"

"तुमी पुसा."

तंबूवाल्यांनी एक पाय खाली घातला. समोरच्या बायका नुसत्या बघत होत्या. त्यांनी पाय वर घेतला.

अण्णा काशीमामांकडे वळले. "हे तुजं काम."

"मी फकस्त बांगड्या भरल्या, अण्णा. सणाला समद्याच भरत्यात."

अण्णा बराच वेळ बायकोच्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभे होते. मग आत आले, नोटा उचलून तंबूवाल्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "कौलांला दीडशे कमी हायेत. मी घालतो." पंचांमध्ये बसलेले बापूसाहेबांचे धाकटे भाऊ लगेच म्हणाले, "निम्मे आमचे. न्हाईतर दादा मला घरात घेनार न्हाईत."

उंबऱ्याबाहेरून आवाज आला, "आन हाक?"

"न्हाई देत बाबा हाक," अण्णा म्हणाले. "आता तेवढं आत येऊन बस."

त्या दिवशी काशीमामा पहिल्यांदा चावडीत बसले. दारालगत, पण आत. रांगोळी वाऱ्यानं उडेपर्यंत, म्हणजे दुपार कलेपर्यंत, आम्हाला कुणालाच घरी जाता आलं नाही. चहा बायकांनी कडेकडेनं हातोहात पोचवला.

पुढे सहा वर्षं चौक त्यांनी चालवला. मग प्लॅस्टिकच्या बांगड्या आल्या, त्यांची नजर अधू झाली आणि ते लोणावळ्याकडे मुलीकडे राहायला गेले. चौक चालूच राहिला. आता त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. असं असायचंच, असं लोकांना वाटतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते १९६७ च्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी. मी सोसायटीच्या दारात उभा होतो. ते एस.टी.तून उतरले, एकटेच, काठी टेकत. पारावर नवी पोरं खेळत होती. त्यांतल्या एकानं "आजोबा, उजेड सोडा," म्हटलं आणि ते बाजूला सरकले. भजन रंगलं होतं. चौक गच्च भरला होता, सगळ्यांची तोंडं भजनाकडे, आणि वळून त्यांना ओळखणारं मला त्यात कुणी दिसलं नाही. मी हाक मारणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि थांबलो. ते ऐकत होते.

थोड्या वेळानं ते कोपऱ्यावरच्या कासाराच्या दुकानापाशी गेले. हा तरुण, तळेगावकडून नवा आलेला. मी तोपर्यंत जवळ पोचलो होतो. तो कुरकुरत होता, "काय सांगायचं आजोबा, हितला बाजार फुकटचा. लोकं गानी ऐकत्यात आन जात्यात. सांजपासनं एक हात भरला न्हाई."

"असं व्हय?" काशीमामा म्हणाले. "मग दे मला डझनभर. हिरव्या."

"माप?"

"सव्वादोन दे, अडीच दे. घरात लई हात हायेत."

कासारानं बांगड्या कागदात बांधल्या. भाव सांगितला तो जास्तच होता; मला कळलं, मग त्यांना तर कळलंच असणार. त्यांनी घासाघीस केली नाही. कनवटीची गाठ सोडून दीड रुपया मोजला आणि त्या कासाराच्या हातावर ठेवला.